ओढ्याकडेची जमीन आणि आमची हरकत

नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत होती. ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ (१) अन्वये’ अशी सुरुवात, मग रि.स.नं. (जमिनीचा रिव्हिजन सर्व्हे नंबर), क्षेत्र, चतुःसीमा आणि शेवटी ‘हरित पट्ट्यातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे’. इमारती येणार, फ्लॅट होणार असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे. झोन दाखले रोज हाताखालून जातात, त्यामुळं रि.स.नं. वाचल्याबरोबर कळलं की ही आमच्या कॉलनीमागची, ओढ्याच्या पलीकडची उसाची जमीन. ती आता यलो, म्हणजे नकाशावर पिवळी, घरं बांधायची जमीन होणार, आणि ती यलो करण्यामागं कुणीतरी मोठी स्कीम घेऊन उभं असणार.

हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडं बहुतेकांना वाटतं की शेजारी इमारत येणार असली की पालिका आपल्याला विचारेल. विचारत नाही. साध्या बांधकाम परवानगीच्या वेळी शेजाऱ्याची सुनावणी असा प्रकारच नाही. नकाशा नियमात बसला की परवानगी मिळते. वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, पण गृहप्रकल्प असेल तर तिथंही जनसुनावणी होत नाही. जमिनीचा झोन बदलताना मात्र कायदा म्हणतो, नोटिशीपासून एक महिन्याच्या आत कुणीही हरकत घ्यावी. कुणीही. शेजारी असायची, तिथं मालमत्ता असायची अट नाही. हा एक महिना गेला की पुढच्या सगळ्या गोष्टी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतात.

आमची कॉलनी कोल्हापूर शहराच्या उत्तरेला, नदीच्या अंगाला. मागून ओढा जातो तो पुढं पंचगंगेला मिळतो. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी चढायला लागली की आमच्याकडं सगळे मोबाइलमध्ये फुटांचे आकडे बघत बसतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. नदी भरली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागं फुगतं. म्हणून आमच्याकडं पूर रस्त्यावरून येत नाही, परड्यातून येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या वर. आमच्या हॉलच्या भिंतीवर दोन्ही खुणा ऑइल पेंटनं ओढून ठेवल्यात. पहिली माझ्या खांद्याला लागते, दुसरी तिच्या वीतभर वर. २०२१ ला पाणी उतरल्यावर घरात बोटभर गाळ होता आणि नळाला पाणी नव्हतं, कारण शिंगणापूरचा उपसाच पाण्याखाली गेला होता. पुरात घर बुडालं आणि ते धुवायला टँकरची वाट बघायची, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको.

नोटीस मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकली आणि रविवारी तालमीच्या हॉलमध्ये बैठक ठरली.

बैठकीला एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. सुरुवातीला सगळे एकाच सुरात होते. “मोर्चा काढूया. टोल घालवला या कोल्हापूरनं, हे काय अवघड हाय?” असं एक काका म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टोलच्या आंदोलनात आमच्या कॉलनीतली बरीच मंडळी होती, २०१५ ला टोल रद्द झाला तेव्हा पेढे वाटलेले सगळ्यांना आठवत होते. तेवढ्यात मागं दाराशी उभे असलेले मामा पुढं आले. मामा म्हणजे त्या जमिनीचे मालक. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चपला बाहेर काढून आत आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“तुमच्या घरात पाणी येतंय ते पाच-सात वर्षांतनं एकदा,” ते म्हणाले. “माझ्या रानात दरसाल येतंय. शेंड्याच्या सुरळीत माती गेली की ऊस कुजतोय. पंचनामा हुतोय, तलाठी लिहून नेतोय, पैसं किती येत्यात ते कधी इचारलंसा? ह्या कॉलनीची जमीन पण एकेकाळी रानच हुती की. तुम्ही घरं बांधलासा तवा मी हरकत घेतली न्हाई.”

हॉलमध्ये कुणी बोलेना. त्यांचं म्हणणं खरं होतं. आमची घरं १९८० च्या दशकातली, तेव्हा ही सगळी जमीन शेतीचीच. मामांचे दोन मुलगे, एकाला नोकरी नाही. बिल्डरनं विसार दिलाय, उरलेले पैसे झोन बदलल्यावर. त्या माणसाला विरोध करताना ‘निसर्ग वाचवा’ असं म्हणणं मला तरी जमलं नसतं.

मग भाड्यानं राहणारा एक मुलगा उठला, दोघं नवरा-बायको एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, “काकू, १९७२ ला महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही. जागा तेवढीच, माणसं वाढली. आम्ही राहायचं कुठं? तुमच्या पलीकडं दीडशे फ्लॅट झाले तर त्यातला एखादा आम्हाला परवडेल.” त्याचंही मला पटलं. फक्त एक गोष्ट मी त्याला तिथंच सांगितली. मोठ्या लेआउटमध्ये काही हिस्सा लहान घरांसाठी ठेवायची सक्ती दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचं. म्हणजे जाहिरातीत ‘सर्वसामान्यांसाठी’ लिहिलं तरी इथं ते बंधन नाही. तो म्हणाला, “मग तेच हरकतीत लिहा की.” आम्ही लिहिलं.

दोन तासांनंतर बैठकीत दोन गट पडले. एक म्हणाला, काहीही झालं तरी तिथं वीट लागता कामा नये. दुसऱ्या गटात मी, कॉलनीतल्या काही बायका आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी. त्यांना सगळे साहेब म्हणतात. आमचं म्हणणं असं की विरोध कशाला आणि का, हे आधी कागदावर उतरलं पाहिजे. मोर्च्याची बातमी येते, पण फाइलमध्ये मोर्चा जात नाही.

प्रस्तावाचा नकाशा बघायला आम्ही कार्यालयात गेलो. नोटिशीत ‘नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध’ असं छापलेलं असतं. तो ज्यांच्या कपाटात होता ते रजेवर. मग साइटवर. मग मीटिंगला. शेवटी साहेबांनी साधा अर्ज लिहिला, ‘अमुक तारखेला नकाशा पाहण्यास आलो, उपलब्ध झाला नाही’, आणि आवक विभागात देऊन पोच घेतली. दुसऱ्या दिवशी नकाशा टेबलावर होता. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पण त्याला तीस दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदतही तेवढीच, म्हणून माहिती अधिकारावर विसंबून राहता येत नाही.

त्या नकाशावर निळी आणि लाल, अशा दोन पूररेषा होत्या. साहेबांनी पेन्सिल काढली आणि आम्हा सगळ्यांना समजावलं. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती निळी रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला बंदी. बाग, मोकळी जागा, पार्किंग असलं काही चालतं. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर पाहिजे. मामांच्या जमिनीचा ओढ्याकडचा तुकडा निळ्या रेषेच्या आत, बाकी जवळजवळ सगळी दोन रेषांच्या मध्ये. नियमावलीत आणखी एक कलम आहे. जमीन सलग असेल तर पूररेषेत अडकलेल्या भागाचा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात किती बांधता येतं तो हक्क, उरलेल्या भागावर वापरता येतो. म्हणजे ओढ्याकडचा तुकडा मोकळा ठेवला तरी तिथला एफएसआय वाया जात नाही, बाकीच्या जागेवर मजले चढतात.

साहेबांनी रेषेवर पट्टी ठेवली. “हा नकाशा एकास पाच हजारचा. एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. ही रेषा काढलीय तिची जाडीच मिलिमीटरभर आहे.” मला तेवढ्यावरून समजलं की ‘रेषेच्या आत की बाहेर’ हा वाद नकाशावर मिटणारा नाही, जमिनीवर लेव्हल घ्यावी लागणार.

कॉलनीत परत आल्यावर सगळ्यात जास्त वाद झाला तो भरावावर. जोतं उचलायचं म्हणजे मुरूम टाकणार. एका काकांनी हिशेब मांडला: पाच एकर म्हणजे वीस हजार चौरस मीटर, त्यावर दोन मीटर भराव म्हणजे चाळीस हजार घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटर पाणी आपल्याकडं ढकललं जाणार. आकडा ऐकून सगळे हादरले. साहेब म्हणाले, “हिशेब बरोबर आहे, पण हा मुद्दा घेऊन गेलात तर तिथं कुणीही इंजिनिअर तुम्हाला गप्प करेल. महापुरात पंचगंगा प्रयाग चिखलीपासून शिरोळपर्यंत पसरलेली असते. त्यात चार कोटी लिटरनं पातळी किती वाढणार? मोजतासुद्धा येणार नाही.”

काही जणांना वाटलं साहेब फितूर झाले. तसं तोंडावर बोलणारेही निघाले. साहेबांनी ते मनावर न घेता आम्हाला ओढ्यावरच्या मोरीपाशी नेलं. “नदीचा महापूर सोडा,” ते म्हणाले, “तो येणार तेव्हा येणार. त्याच्या आधीचं बघा. नदी चाळीस फुटांवर असते, वरनं दोन तास झोडपून पाऊस पडतो. शहराकडनं येणारं पाणी या ओढ्यातनं येतं, पुढं नदी घेत नाही. मग ते कुठं थांबतं?” त्यांनी समोरच्या उसाकडं बोट केलं. “तिथं. ते रान आज तुमच्या घरांआधी भरतं. ते उचललं की पाणी थेट या बाजूला.”

आमची सगळी हरकत या एका वाक्यावर उभी राहिली. नियम येणाऱ्या घराला वाचवतो, त्याचं जोतं वर घेतो. शेजारी आधीपासून जी घरं आहेत त्यांच्या जोत्यांचं काय, हे त्या नियमात कुणी विचारलेलं नाही. माझ्या मते पूरपट्ट्यातल्या प्रत्येक शहरात हाच प्रश्न पहिला विचारायला हवा.

हरकती लिहिताना पहिल्या गटानं एकच मजकूर छापून घेतला आणि घरोघरी सह्या घेतल्या. आम्ही प्रत्येकानं आपापलं लिहायचं ठरवलं. पलीकडच्या वहिनींनी हातानं दीड पान लिहिलं आणि २०१९ च्या पंचनाम्याची झेरॉक्स जोडली. त्यात पाण्याची उंची, तारीख, घर नंबर, सगळं सरकारी शाईत होतं. ती कल्पना आम्हा सगळ्यांना एवढी आवडली की ज्यांच्या ज्यांच्याकडं पंचनामे होते त्यांनी ते शोधून काढले. काहींचे पुरातच भिजून गेले होते, २०२१ च्या पुरात २०१९ चा पंचनामा. मी ओढ्याची आजची रुंदी, मोरीचं माप आणि जोत्याच्या पातळीचा मुद्दा लिहिला. कायद्यातल्या एका शब्दावरही बोट ठेवलं: फेरबदलानं बाधित होणाऱ्या सर्वांना नोटीस द्यायची असते. इथं नोटीस फक्त जमीनमालकाला आणि लगतच्या गटधारकांना होती. ओढ्याच्या खालच्या अंगाची कॉलनी बाधित नाही, हे कुणी आणि कशावरून ठरवलं?

शेवटच्या दिवशी आवक विभागात गर्दी झाली. प्रत्येकाच्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय कुणी हललं नाही.

त्या वेळी महापालिकेत नगरसेवक नव्हते. नोव्हेंबर २०२० ला मुदत संपल्यापासून प्रशासक कारभार बघत होते. एरवी असा ठराव सर्वसाधारण सभेत यायचा, आपल्या भागाच्या नगरसेवकाला धरून चार प्रश्न विचारायला लावता यायचे, पेपरात चर्चा व्हायची. ठराव करणारे प्रशासक आणि अंमल करणारेही तेच, म्हणून सुनावणीला गेल्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

सुनावणी सकाळी अकराची, सुरू झाली साडेबाराला. लांबट खोली, एका टोकाला अधिकारी, शेजारी टंकलेखन करणारी मुलगी, भिंतीकडेला आम्ही. छापील पत्रवाल्यांना एकत्र बोलावलं. “तुम्हा सर्वांचं म्हणणं एकच आहे ना? मग एकानं सांगा.” एकानं सांगितलं, दोन मिनिटांत झालं. एवढ्या सह्यांची ती जाडजूड गठ्ठी एका हरकतीएवढी झाली, आणि मला त्या लोकांसाठी वाईट वाटलं, कारण त्यांनी उन्हातान्हात फिरून त्या गोळा केल्या होत्या.

आमच्यातल्या प्रत्येकाला वेगळं ऐकून घ्यावं लागलं. वहिनींनी पंचनामा पुढं ठेवला तेव्हा अधिकाऱ्यांनी तो हातात घेऊन पूर्ण वाचला. माझी पाळी आली तेव्हा बिल्डरचे आर्किटेक्ट रंगीत नकाशे पसरून बसले होते. ते म्हणाले, “जोतं नियमापेक्षा जास्तच वर घेतलंय. पाटबंधारेचा ना हरकत दाखला घेऊनच काम करणार.” मी म्हटलं, “तुमचं जोतं वर आहे हे मान्य. आमची जोती खाली आहेत, ती उचलता येणार नाहीत. भराव टाकल्यावर ओढ्याचं तुंबलेलं पाणी कुठं जाणार, याचा अभ्यास प्रस्तावात आहे का?” त्यांनी कागद चाळले. “स्टॉर्म वॉटर ड्रेनचं डिझाइन आहे.” साहेब मागून म्हणाले, “ते तुमच्या प्लॉटमधल्या पाण्याचं. ओढ्याचं कुठं आहे?” अधिकाऱ्यांनी आर्किटेक्टकडं बघितलं, उत्तर आलं नाही, आणि त्यांनी त्या मुलीला सांगितलं, “लिहा. नाल्याच्या वहनक्षमतेचा अभ्यास सादर केलेला नाही.”

नंतर मामांनी प्रस्तावाच्या बाजूनं म्हणणं मांडलं. तालमीत बोलले तेच, पण अधिकाऱ्यांसमोर त्यांचा आवाज बसला. “साहेब, पाण्यासाठी माझी जमीन मोकळी ठेवायची तर ठेवा. पण मग त्याचं पैसं कोण देणार तेवढं सांगा.”

आम्ही बाहेर चहाच्या गाड्यावर थांबलो होतो, मामाही तिथंच आले. तिथं साहेबांनी एक गोष्ट काढली जी आधीच सुचायला हवी होती असं सगळेच म्हणाले. नोटिशीत ‘हरकती व सूचना’ असतं, आणि सूचना कुणीच देत नाही. निळ्या रेषेच्या आतला तुकडा आराखड्यात बागेसाठी किंवा मोकळ्या जागेसाठी आरक्षित केला, तर तो ताब्यात देताना मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मिळू शकतो. तो टीडीआर विकता येतो. पाण्याला जागा राहते आणि ती ज्याची आहे त्याला मोबदला मिळतो. उरलेल्या जमिनीवर ओढ्याचा अभ्यास झाल्यावर, भरावाऐवजी खांबांवर, खालून पाणी जाऊ देणारी इमारत झाली, तर माझा तरी विरोध राहणार नाही. पहिल्या गटातल्या काहींना हे अजून पटलेलं नाही. ‘एकदा यलो झाली की कसले खांब आणि कसलं काय,’ असं त्यांचं म्हणणं, आणि ती भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही.

मामांनी तेव्हा हो-नाही काही म्हटलं नाही. आठवड्यानं त्यांचा मोठा मुलगा माझ्या पतसंस्थेत आला. “टीडीआरचं ते कागदावर लिहून द्या, आमचे आण्णा वाचतो म्हणालेत.”

सुनावणीच्या अहवालाची प्रत माहिती अधिकारात मिळाली, पानाला दोन रुपये भरून. फेरबदल मंजुरीसाठी शासनाकडं पाठवावा, अशी शिफारस आहे. निळ्या रेषेतला भाग मोकळा ठेवावा आणि परवानगीपूर्वी नाल्याच्या वहनक्षमतेचा अभ्यास करून घ्यावा, या दोन अटी. आमचं म्हणणं अभ्यास झोन बदलण्याआधी हवा. झोन बदलल्यावर अभ्यास काय सांगतो यानं फरक पडत नाही, जमिनीची किंमत तोवर ठरलेली असते. बाधितांना नोटीस दिली नाही, या मुद्द्यावर अहवालात एक ओळसुद्धा नाही. तो मुद्दा आम्ही सोडलेला नाही, आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात असल्यामुळं मुंबईचे हेलपाटे नाहीत, हेही सगळ्यांच्या डोक्यात आहे.

अंतिम निर्णय राज्य शासनाचा, नगररचना संचालकांचा अभिप्राय घेऊन. आम्ही नगरविकास विभागाला पत्र पाठवलंय: आधी ओढ्याचा अभ्यास, निळ्या रेषेतल्या तुकड्यावर आरक्षण आणि मालकाला टीडीआर, भरावाला मनाई. पत्रावर आमच्या सह्या आहेत, त्या भाड्यानं राहणाऱ्या मुलाची आहे, आणि सगळ्यात वर मामांची. उत्तर अजून आलेलं नाही.